श्वासाचा पंप, घासाचा पंप

नऊ वर्षांची असताना मी दम्याचा पंप घ्यायला शिकले. आधी छाती रिकामी करायची, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे, पंप दाबायचा आणि त्याच क्षणी हळूहळू, खोल श्वास ओढायचा, मनात दहा आकडे मोजायचे आणि मग सोडायचा. शेवटी चूळ भरून थुंकायचं. चूळ विसरले की आई मागून ओरडायची, "घशात बसलेलं औषध वाया गेलं, आणि वर तोंड येईल ते वेगळंच!" पुढे स्पेसर आला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचा तो प्लास्टिकचा फुगीर डबा. त्याचंही काम तेच, औषध घशावर न आदळता खाली फुप्फुसांत पोचवायचं. पंचवीस वर्षं मी हे सगळं इतक्या इमानाने केलं की छातीच्या डॉक्टरांनी एकदोनदा नवीन पेशंटला दाखवायला मलाच उभं केलं होतं.

चौतिसाव्या वर्षी पोटाच्या डॉक्टरांनी तोच पंप टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता शिकलेलं सगळं विसरायचं. स्पेसर लावायचा नाही. श्वास रोखून धरायचा, तोंडात फवारा मारायचा आणि तोंड मिटून गिळायचा. छातीत जाता कामा नये. आणि मग अर्धा तास पाण्याचा घोटसुद्धा नाही."

मला वाटलं, बाईंची काहीतरी गल्लत होतेय.

"डॉक्टर, मला दमा आहे, माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये. म्हणून तर तुम्हाला शिकवायला जास्त वेळ लागणार आहे."

इथवर येण्याआधीची दहाबारा वर्षं मी घास अडकण्यात घालवली होती. मात्र तेव्हा त्याला 'अडकणं' म्हणावं, हे मला सुचलं नव्हतं. मी हळू जेवते, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. पंगतीत सगळ्यांत शेवटी उठणारी मी. घास छोटा, चावणं भरपूर, प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट, कोरडं काही असेल तर ते कशात तरी कालवून. बत्तीस वेळा चावून खा म्हणणाऱ्यांना मी आदर्श वाटायचे. औषधाची मोठी गोळी मी दोन तुकडे करून घ्यायचे आणि बाहेर जेवायचं असेल तर घरूनच थोडं खाऊन निघायचे. आता मागे वळून पाहताना कळतं, मी जेवत नव्हते, अडथळा चुकवत होते. पण हे इतकं सावकाश अंगवळणी पडतं की तो स्वभावच वाटू लागतो. मध्ये कधी छातीत दाटल्यासारखं झालं की अॅसिडिटीची गोळी घ्यायची. एका डॉक्टरांनी "टेन्शन घेता का?" असं विचारलं. मी "हो" म्हटलं. कोण घेत नाही?

एका रात्री भुकेच्या घाईत घेतलेला एक कोरडा घास उरोस्थीच्या मागे जाऊन बसला तो हलेचना. पाणी प्यायले, ते तसंच वर आलं. तासाभराने स्वतःची लाळही खाली जाईना. वाटी हातात धरून थुंकत बसले होते. श्वास अगदी व्यवस्थित चालू होता, आणि दमेकरी माणसाला ही गोष्ट फार विचित्र वाटते. गळ्याखाली काहीतरी बंद झालंय आणि छाती मात्र मोकळी आहे. चार तासांनी एका रुग्णालयात दुर्बिणीने तो घास काढला. रिपोर्टात लिहिलं होतं, अडकलेला घास काढला, अॅसिडिटीमुळे सूज असावी. त्या रात्री तपासायला अन्ननलिकेच्या अस्तराचा तुकडा घेतलाच नाही. त्यामुळे माझं निदान आणखी सात महिने लांबलं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

सात महिन्यांनी पुन्हा दुर्बीण झाली, या वेळी वेगळ्या डॉक्टरांकडे. त्यांनी मला स्क्रीनवरचे फोटो दाखवले. अन्ननलिका आतून गुळगुळीत, मऊ बोगद्यासारखी दिसायला हवी. माझीत एकाखाली एक कडी होती, श्वासनलिकेला असतात तशी. उभ्या चरा होत्या आणि मधेमधे पांढरे ठिपके. वेगवेगळ्या उंचीवरून सहा तुकडे घेतले होते, कारण हा आजार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एकच तुकडा घेतला आणि तो नेमका चांगल्या जागेचा निघाला तर निदान हुकतं. आठवड्याने रिपोर्ट आला. इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, म्हणजे इओसिनोफिल पेशी जमून अन्ननलिकेला आलेली सूज.

इओसिनोफिल हा शब्द मला नवा नव्हता. लहानपणापासून रक्ताच्या प्रत्येक रिपोर्टात त्याच्यापुढचा आकडा वाढलेला असायचा आणि घरचे "अॅलर्जी आहे तिला" म्हणून सोडून द्यायचे. ही पांढऱ्या पेशींपैकी एक जात. १८७९ मध्ये पॉल एर्लिख यांनी रक्तातल्या पेशी रंगवून पाहिल्या तेव्हा या पेशींतले दाणे इओसिन नावाच्या रंगाने लालगुलाबी झाले, म्हणून हे नाव. इओस म्हणजे ग्रीकांची उषा. इतकं सुंदर नाव मिळालेल्या या पेशी दाणे फोडून जे सांडतात, त्याने आजूबाजूचं अस्तर सोलून निघतं. निरोगी अन्ननलिकेत त्या जवळजवळ नसतातच. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका दृश्यक्षेत्रात १५ किंवा त्याहून जास्त दिसल्या की हा आजार धरतात. माझ्या होत्या ६२.

डॉक्टरांनी सांगितलं की हा वेगळा आजार आहे हेच मुळी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखलं गेलं. त्याआधी अन्ननलिकेत या पेशी दिसल्या की लोक अॅसिडला दोष देऊन मोकळे व्हायचे. तो पुरुषांत जास्त दिसतो आणि दमा, नाकाची अॅलर्जी, इसब असलेल्यांत तर बराच. म्हणजे मी निम्म्या अटी आधीच पूर्ण केल्या होत्या.

सरळ पंपावर मात्र कोणी नेलं नाही. आधी आठ आठवडे अॅसिड कमी करणारी गोळी, दिवसातून दोनदा. मी कुरकुरले, कारण ती मी वर्षानुवर्षं अधूनमधून खातच होते. तेव्हा कळलं की इथे तिचं काम वेगळं असतं. अन्ननलिकेच्या पेशी एक रसायन सोडून इओसिनोफिलना बोलावून घेतात आणि ही गोळी, अॅसिडशी संबंध नसतानाही, ते बोलावणं कमी करते असं प्रयोगशाळेत दिसलंय. साधारण निम्म्या रुग्णांचं तेवढ्यावर भागतं. अॅसिडिटीच्या गोळीची ही अशी गुपचूप बदली झालेली, आणि हुद्दा मात्र जुनाच! मी दुसऱ्या निम्म्यात निघाले. आठ आठवड्यांनी आकडा ४८.

दुसरा रस्ता पथ्याचा होता. दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाण्यांपासून काजू-बदामांपर्यंत सगळे दाणे आणि मासे अशा सहा गोष्टी एकदम बंद करायच्या, मग एकेक परत सुरू करायची आणि दर वेळी दुर्बीण घालून पाहायचं. २०२३ मध्ये एका अभ्यासात फक्त दूध बंद करण्याचा फायदा सहाही बंद करण्याच्या जवळपासच निघाला, पण माझ्यासमोर हा प्रश्न आला तेव्हा तो हाताशी नव्हता. आधीच जेवणाची भीती बसलेल्या बाईला आणखी सहा गोष्टींची भीती घालायची माझी तयारी नव्हती. मी औषध निवडलं. काहीजण पथ्य निवडतात आणि त्यांचं उत्तम चालतं.

तर पंप. त्यातलं स्टेरॉइड फ्लुटिकासोन. दम्यात ते श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर बसून सूज उतरवतं. माझ्या अन्ननलिकेत जी सूज होती ती जवळपास त्याच कुळातली. त्याच पेशी आणि त्यांना चिथावणारे इंटरल्युकिन ४, ५, १३ हेच निरोपेही. मग तेच औषध त्याच प्रकारे अस्तरावर का बसवू नये, हा विचार १९९८ मध्ये लहान मुलांवर पहिल्यांदा करून पाहिला गेला, आणि मुलं जेवू लागली. नवीन रेणू शोधला नाही, नवीन यंत्र बनवलं नाही. पंप उचलला आणि चुकीचा वापरला. दम्याच्या डॉक्टरांनी ज्याला 'घशात वाया गेलेलं' म्हटलं असतं, नेमकं तेवढंच हवं होतं. उरलेलं पोटात जातं, आतड्यातून यकृतात जातं आणि यकृत त्याचा जवळजवळ सगळा भाग मोडून टाकतं. रक्तात फिरायला एक टक्क्याहूनही कमी उरतं. हा भाग मला फार आवडला. श्वासातून फुप्फुसांत गेलेलं औषध यकृताला वळसा घालून रक्तात पोचू शकतं. गिळलेलं मात्र नाक्यावरच अडवलं जातं.

मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा, "पंचवीस वर्षं मी इमानाने चूळ भरून थुंकलं नसतं, तर हा आजार झालाच नसता का?" त्या हसल्या. म्हणाल्या, तसं म्हणता येत नाही. पण नाही असंही ठामपणे म्हणाल्या नाहीत, आणि मी ते आईला मुद्दाम सांगितलं.

मेडिकलमध्ये वेगळाच प्रसंग. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'फवारा तोंडात मारून गिळणे'. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी वाचली, मला पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली.

"ताई, हे गिळायचं नसतं. श्वासाबरोबर ओढायचं. थांबा, दाखवतो."

त्याने काउंटरखालून नमुन्याचा पंप काढला आणि अतिशय मनापासून, एकही पायरी न चुकवता मला शिकवलं. छाती रिकामी, ओठ मिटलेले, हळू ओढा, दहा मोजा. मी ऐकून घेतलं. खोक्यातल्या कागदावर तर अन्ननलिका हा शब्दच नव्हता. अशा वापराला डॉक्टर 'ऑफ-लेबल' म्हणतात. औषधाला परवानगी एका आजाराची, डॉक्टर पुराव्याच्या जोरावर ते दुसऱ्यासाठी लिहून देतात. ते बेकायदा नाही, बऱ्याच आजारांत तर रोजचंच आहे. पण पेशंटला त्याचा अर्थ असा की खोकं, कागद आणि दुकानदार एका बाजूला आणि आपण चिठ्ठी घेऊन दुसऱ्या बाजूला. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगितलं होतं म्हणून मी डगमगले नाही. सांगितलं नसतं तर त्या मुलाचंच ऐकलं असतं.

पहिला आठवडा फजितीचा. पंचवीस वर्षांची सवय अंगात मुरलेली. बोट खाली गेलं की छाती आपोआप वर उचलली जायची. पहिल्या चारपाच दिवसांतलं निम्मं औषध मी नक्कीच फुप्फुसांत ओढलं. मग एक युक्ती सापडली. फवारा मारण्याआधी एकदा कोरडाच आवंढा गिळायचा, कारण गिळताना श्वास आपसूक थांबतो. त्या थांबलेल्या क्षणी दाबायचं आणि लगेच पुन्हा गिळायचं. जिभेवर गार, किंचित कडवट धूर आल्यासारखं वाटतं आणि मग काहीच नाही. नंतरचा अर्धा तास हे सगळ्यांत मोठं पथ्य. रात्री दात घासून झाल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर, सगळं आवरल्यावर शेवटी. आणि नेमकी त्याच अर्ध्या तासात तहान लागते. फवारे किती, ते इथे मुद्दाम लिहीत नाही. ते पंपाच्या ताकदीवर, वयावर आणि आधीच्या स्टेरॉइडवर ठरतं, आणि घरातला पंप उचलून कोणी गिळू लागावं असं मला अजिबात वाटत नाही.

आधीचं स्टेरॉइड ही भानगड माझ्याकडे जरा जास्तच होती. नाकात फवारा होता, त्यात स्टेरॉइड. दम्याचा पंप होता, त्यात स्टेरॉइड. आता हा तिसरा. नाकाचे, छातीचे आणि पोटाचे डॉक्टर वेगवेगळे, आणि प्रत्येकाच्या कागदावर फक्त आपापला डोस. बेरीज करायची कोणी? ती मी एका वहीत करून पोटाच्या डॉक्टरांना दाखवली, तेव्हा त्यांनी सकाळच्या कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टेरॉइडची, रक्ततपासणी लिहून दिली. बाहेरून स्टेरॉइड फार झालं तर शरीर स्वतःचं बनवायला आळस करतं. माझं ठीक निघालं. पण ज्याला दोन-तीन ठिकाणची अॅलर्जी आहे त्याने ही वही ठेवावीच.

घरात आता एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन पंप झाले. एक श्वासाचा, एक घासाचा. दोन्हीत औषध एकच, तरी अदलाबदल नको म्हणून मार्करने एकावर 'श्वास' आणि दुसऱ्यावर 'घास' लिहिलं. पाहुणे विचारायचे, ही कविता का?

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस माझं ताट रिकामं झालं तेव्हा समोरचे अजून जेवत होते. कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

बारा आठवड्यांनी दुर्बीण. वरच्या भागातल्या तुकड्यात ११, खालच्या भागात २७. शिवाय मध्यावर पांढरे चट्टे दिसले; आधीचे ठिपके नव्हेत, ही बुरशी होती. लहानपणी चूळ भरायला का लावायचे त्याचं उत्तर आता अन्ननलिकेत उगवलं होतं. स्टेरॉइड जिथे बसतं तिथली राखण ढिली पडते आणि कॅन्डिडा हात धुऊन घेते. त्रास काहीच नव्हता, दुर्बीण घातली नसती तर कळलंही नसतं. बुरशीची गोळी थोडेच दिवस दिली, कारण ती गोळी यकृताच्या ज्या यंत्रणेला अडवते तीच यंत्रणा हे स्टेरॉइड मोडते. म्हणजे नाक्यावरचा शिपाईच रजेवर.

खालचा भाग का सुधारला नाही, यावर डॉक्टरांचा अंदाज साधा होता. माझा फवारा वरच बसतोय, खाली पोचायला तो पुरेसा जड नाही. मग त्यांनी दुसरा मार्ग काढला, आणि तोही दम्याच्याच कपाटातून. नेब्युलायझरमध्ये, म्हणजे औषधाची वाफ करणाऱ्या मशीनमध्ये, घालायच्या ब्युडेसोनाइड या दुसऱ्या स्टेरॉइडच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या असतात. त्यातलं पातळ औषध वाटीत काढायचं, त्यात सुक्रालोज या गोडव्याची पूड मिसळत मधाइतकं दाट करायचं आणि सावकाश गिळायचं. दाटपणा हीच इथली सगळी हुशारी. २०१२ मध्ये एका अभ्यासात काही रुग्णांना नेब्युलायझरची वाफ गिळायला लावली आणि काहींना हे दाट मिश्रण दिलं, आणि औषधात किरणोत्सर्गी खूण घालून ते अन्ननलिकेत किती वेळ थांबतं ते पाहिलं. दाट मिश्रण जास्त वेळ चिकटून राहिलं आणि पेशीही त्यानेच जास्त कमी झाल्या. औषध तेच, मात्रा तीच. पंप आणि दाट मिश्रण यांची तुलना २०१९ मध्ये झाली तेव्हा मात्र दोघं तोडीस तोड निघाले. त्यामुळे माझा पंप निकामी होता असं नाही, माझ्या नळीला तो जमला नाही इतकंच.

चव सांगायलाच हवी. पहिल्या दिवशी गोड वाटतं, दहाव्या दिवशी गोडाचा राग येतो. चमच्याला चिकटतं, वाटीला चिकटतं, ओठाला चिकटतं. मग अन्ननलिकेलाही चिकटत असणार, अशी मी स्वतःची समजूत काढायचे. याच औषधाची तोंडात विरघळणारी गोळी युरोपात २०१८ मध्ये खास या आजारासाठी मंजूर झाली, आणि अमेरिकेत तयार दाट औषध फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे वीस वर्षं पेशंट आपापल्या ओट्यावर जे ढवळत होते ते शेवटी कारखान्यात पोचलं. मला ते मिळेपर्यंत वाटी आणि चमचा होताच.

चार महिन्यांनी आकडा ३. कडी पुसट झालेली, चरा गेलेल्या. मी त्या आनंदात एक मूर्खपणा केला. बरी झाले म्हणून स्वतःच औषध थांबवलं. पाचव्या महिन्यात पाण्याचा पेला पुन्हा ताटाशेजारी आला, आणि तो कधी आला हे याही वेळी मला कळलं नाही, घरच्यांनीच विचारलं, "परत सावकाश जेवायला लागलीस का गं?" दुर्बिणीत आकडा ५५. दम्याचं प्रतिबंधक औषध 'बरं वाटतंय' म्हणून थांबवायचं नसतं, हे मी इतरांना शिकवते.

या मधल्या काळात मी वाचत होते. दम्याचं एक औषध चाललं, तर बाकीचीही चालतील असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं, पण एक गोष्ट खटकत होती. मी लहानपणापासून वर्षानुवर्षं मॉंटेलुकास्ट घेत आले होते. अॅलर्जी आणि दमा दोन्हींसाठी दिली जाणारी गोळी. ती चालू असतानाच हा आजार माझ्यात वाढला. मग ही गोळी इथे करत काय होती? उत्तर सापडलं. २००३ मध्ये आठ रुग्णांवर ती वापरून पाहिली; त्यांना बरं वाटलं, पण अन्ननलिकेतल्या पेशी होत्या तशाच राहिल्या. २०१७ च्या एका छोट्या तुलनेत, स्टेरॉइडने आलेली सुधारणा टिकवायला ती खोट्या गोळीपेक्षा खात्रीने सरस ठरली नाही. माझ्या शरीराने तोच प्रयोग कोणी न सांगता करून ठेवला होता. (२०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळीवर मनःस्थितीवरच्या परिणामांबद्दल सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला. माझी वाईट स्वप्नं तिच्यामुळे होती की नाही, ते सांगता येणार नाही. पण छातीच्या डॉक्टरांशी बोलून मी ती बंद केली.)

ओमालिझुमॅबचंही तसंच. हे इंजेक्शन रक्तातल्या आयजीई या अॅलर्जीच्या प्रतिपिंडाला पकडतं. २००३ मध्ये अमेरिकेत ते दम्यासाठी आलं, २०१४ मध्ये अंगावर उठणाऱ्या जुनाट पित्ताच्या गांधींसाठी, २०२४ मध्ये अन्नाच्या अॅलर्जीसाठी. प्रत्येक बदलीच्या ठिकाणी नीट रुजू झालं. अन्ननलिकेत मात्र चाललं नाही, आणि त्या अपयशातून हे पुढे आलं की हा आजार 'अॅलर्जीचा' असला तरी आयजीईच्या वाटेने येत नाही.

सगळ्यांत जास्त विचारात पाडलं ते बेनरालिझुमॅबने. हे दम्याचं इंजेक्शन थेट इओसिनोफिल मारतं. आजाराचं नावच इओसिनोफिलवरून, निदान त्यांच्या मोजणीवर. मग त्या मारल्या की काम झालं, नाही का? २०२४ मध्ये निकाल छापून आला. १०० पैकी ८७ जणांच्या अन्ननलिकेतून पेशी जवळजवळ गायब झाल्या, खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत फक्त साडेसहा टक्क्यांच्या. आणि घास अडकणं? दोन्ही गटांत सारखंच. मी तो निकाल दोनदा वाचला. इतकी वर्षं मी स्वतःचा आजार एका आकड्यात मोजत होते, ६२, ४८, ११, २७, ३, ५५, आणि इथे आकडा शून्याला आला तरी लोक वाटी हातात धरून बसलेले. पुढच्या भेटीत मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "मोजायला सोपी म्हणून आपण ती पेशी मोजतो. तिथे तिच्यासोबत मास्ट पेशी आहेत, टी पेशी आहेत, सैल पडलेलं अस्तर आहे. तिला एकटीला हाकलून बाकीचे घरी जात नाहीत."

ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन चाललं ते याच कारणाने असावं. ते पेशी मारत नाही. इंटरल्युकिन ४ आणि १३ या दोन्ही निरोप्यांना लागणारा एकच दरवाजा बंद करतं, म्हणजे बोलावणंच थांबतं. अमेरिकेत २०१७ मध्ये इसबासाठी, २०१८ मध्ये दम्यासाठी, २०१९ मध्ये नाकातल्या पॉलिपसाठी, मे २०२२ मध्ये अन्ननलिकेसाठी, त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये धूम्रपान करणाऱ्यांत जास्त दिसणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या काही रुग्णांसाठी. पण बदलीबरोबर कामाचे तासही बदलले. दम्यात मोठ्यांना ते सहसा दोन आठवड्यांतून एकदा लागतं, अन्ननलिकेसाठी दर आठवड्याला. नाव तेच म्हणून डोस तोच, असं नाही.

माझ्यासाठी ते सध्या राखून ठेवलंय. दमा ताब्यात आहे, वाटी-चमच्याने आकडा पुन्हा ५ वर आलाय, आणि मुख्य म्हणजे घास जातोय. दमा बिघडला किंवा नळी आवळायला लागली तर एकाच इंजेक्शनात नाक, छाती आणि अन्ननलिका तिन्हीचं भागेल, आणि वहीतली बेरीजही संपेल, असं डॉक्टर म्हणतात. मोह होतो. पण दर आठवड्याला सुई, आणि तीही किती वर्षं याचं उत्तर नसताना, हा निर्णय मी अजून घेतलेला नाही.

परवा कुप्या संपल्या म्हणून मेडिकलमध्ये गेले. काउंटरवर तोच मुलगा. खोकं पुढे सरकवून म्हणाला, "ताई, नेब्युलायझर आहे ना घरी? नसेल तर दाखवू?"

"नको. मशीन नाही लागत."

"मग हे घेता कसं?"

"पिते."

त्याने खोकं परत स्वतःकडे ओढलं आणि चिठ्ठी मागितली.